चर्चच्या खिडकीत बाख काय करतोय? लूथरन चर्चमधल्या रंगीत काचा वाचायच्या कशा

जर्मनीत लाइपझिगला सेंट थॉमस चर्च आहे, लूथरन, म्हणजे धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं. प्रसिद्ध संगीतकार बाख तिथे १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत संगीताचं सगळं बघायचा, आणि त्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांमध्ये एक खिडकी चक्क बाखची आहे. दुसऱ्या एकीत मार्टिन लूथर, एकीत स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ, एकीत संगीतकार मेंडेलसोन, आणि एकीत तर कैसर, म्हणजे जर्मन बादशहा, पहिला विल्हेल्म. टूरवर गेलेली आपली मंडळी "काय रंग आहेत वा" म्हणतात, दोन फोटो काढतात आणि बस सुटायच्या आत बाहेर पडतात. पण दोन मिनिटं थांबलं की प्रश्न पडतोच, की बाबा जिथे संत आणि देवदूत असायचे त्या जागी संगीतकार आणि राजे काय करतायत?

ह्याचं उत्तर एका जुन्या भांडणात आहे आणि ते भांडण कळलं की जगातल्या कुठल्याही लूथरन चर्चची खिडकी वाचता येते, मग ती नॉर्वेतली असो की अमेरिकेत मिनेसोटातली. म्हणून आधी भांडण, मग चिन्हं.

लूथरने १५१७ मध्ये विटेनबर्गला ते ९५ मुद्दे मांडले हे शाळेच्या इतिहासात असतंच. त्यानंतरचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. १५२१ मध्ये लूथरला बादशहाने गुन्हेगार ठरवलं आणि तो वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून बसला, नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, जर्मनमध्ये आणत. इकडे विटेनबर्गमध्ये त्याचाच सहकारी कार्लश्टाट म्हणायला लागला की बायबलमध्ये दहा आज्ञांत मूर्ती करू नका असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा चर्चमधली चित्रं आणि पुतळे सगळं बाहेर काढा, आणि लोकांनी तोडफोड सुरू केली. लूथर मार्च १५२२ मध्ये जीव धोक्यात घालून परत आला आणि लागोपाठ आठ दिवस प्रवचनं दिली. त्यात त्याचा मुद्दा साधा होता: चित्र ठेवा असंही देवाने सांगितलेलं नाही आणि काढाच असंही नाही, पूजा करायला लागलात तर चूक, नाहीतर बिघडत काहीच नाही. लोक सूर्याची आणि ताऱ्यांची पण पूजा करतात, मग काय ते आकाशातून खाली ओढायचे? दारूने माणसं बिघडतात म्हणून जगातली सगळी दारू ओतून द्यायची? असा त्याचा रोखठोक कारभार.

तीन वर्षांनी त्याने आणखी एक युक्तिवाद केला, मला तो सगळ्यात भारी वाटतो. तो म्हणतो, ख्रिस्ताची गोष्ट कानावर पडली की माझ्या मनात आपोआप वधस्तंभावरच्या माणसाचं चित्र उमटतं, मी ठरवलं तरी ते थांबत नाही. मग मनात चित्र असणं पाप नसेल तर डोळ्यासमोर असणं पाप कसं? आणि पुढे जाऊन म्हणतो की ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी घराच्या भिंतींवर आतून बाहेरून अख्खं बायबल रंगवून घ्यावं, मला तर ते फार आवडेल.

ह्याच्या उलट झुरिचमध्ये झ्विंगली हा दुसरा धर्मसुधारक. तिथे १५२४ मध्ये चर्चं रिकामी केली गेली, भिंतींना पांढरा रंग मारला. पण गंमत बघा, झ्विंगलीचाही खिडक्यांवर तेवढा राग नव्हता, कारण खिडकीसमोर मेणबत्ती लावून कोणी गुडघे टेकत नाही! वर लांब कुठेतरी असते ती, शिवाय काढली तर पाऊस आत. म्हणजे कट्टर लोकांच्या राज्यातसुद्धा काचेवरचं चित्र पुतळ्यापेक्षा कमी धोकादायक समजलं जायचं. लूथरन लोकांना तर मग रानच मोकळं.

पण चित्र चाललं तरी चित्रात कोण, हा प्रश्न उरतोच. त्यावर १५३० मध्ये ऑग्सबर्गला बादशहासमोर वाचलेल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात २१ वं कलम आहे आणि खिडक्या समजायला माझ्या मते हे एक कलम पुरेसं आहे. ते म्हणतं की संतांचं स्मरण करा, त्यांच्या विश्वासाकडे आणि चांगल्या कामांकडे बघून आपापल्या धंद्यात-कामात तसं वागायला शिका, पण त्यांच्याकडे मागणं मागू नका, मध्यस्थ एकटा ख्रिस्त. झालं! एकदा संत म्हणजे नवस बोलायचं ठिकाण नसून उदाहरण म्हणून बघायचा माणूस असं ठरलं, की मग पेत्र आणि पौल जसे उदाहरण तसाच लूथर उदाहरण, आणि आयुष्यभर देवासाठी संगीत लिहिणारा बाखही उदाहरण. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातात चमत्काराचं काही नाही, पण खिडकीत जागा आहे. कैसर कुठल्या कामाचं उदाहरण आहे हे मात्र मला आजतागायत पटलेलं नाही, त्या काळात चर्च आणि राजसत्ता एकमेकांच्या किती मांडीवर बसल्या होत्या ह्याचाच तो पुरावा आहे. मेंडेलसोनची खिडकी त्या मानाने अलीकडची, १९९७ ची. तो जन्माने ज्यू, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, विसरलं गेलेलं बाखचं संगीत त्याने लोकांसमोर परत आणलं, आणि नाझींच्या काळात १९३६ मध्ये लाइपझिगमधला त्याचा पुतळा हटवला गेला. त्याला खिडकीत घेणं हे स्मरणही होतं आणि थोडी परतफेडही.

ह्याच विचाराचा एक नमुना आपल्या भोसल्यांच्या तंजावरात आहे, काचेत नाही, संगमरवरात. श्वार्ट्झ नावाचा जर्मन लूथरन मिशनरी तिथे होता, सरफोजी राजे दुसरे लहान असताना त्याने त्यांना सांभाळलं आणि शिकवलं. तो १७९८ मध्ये गेल्यावर सरफोजींनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन ह्या नामांकित शिल्पकाराकडून त्याचं स्मारक करून घेतलं, त्यात मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरलेले सरफोजी दिसतात. मराठा राजाने ख्रिस्ती गुरूचं केलेलं हे स्मारक आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. २१ व्या कलमात बसणारंच काम, आठवण ठेवा, आरती नको.

आता मरियेचं आणि जुन्या संतांचं काय झालं? लोकांना वाटतं लूथरन चर्चमध्ये ते नसतातच. नुरेनबर्गला सेंट लोरेन्झ चर्चमध्ये जाऊन बघा. शहर १५२५ मध्ये लूथरन झालं तरी तिथल्या मध्ययुगीन खिडक्या जागच्या जागी राहिल्या, संतांसकट. वेदीसमोर वरून टांगलेलं मरिया आणि गब्रिएल देवदूताचं मोठं लाकडी शिल्पसुद्धा राहिलं, फक्त नंतरच्या काळात त्याला कापडात गुंडाळून ठेवायचे. हे सगळं टिकून राहण्यात तत्त्वज्ञानाचा जेवढा हात तेवढाच व्यवहाराचा. खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा, तिथे गुडघे टेकलेली छोटी छोटी माणसं आणि घराण्यांची चिन्हं असतात, ते देणगीदार. नुरेनबर्गच्या बड्या व्यापारी घराण्यांनी ह्या खिडक्या दिल्या होत्या, आणि तीच घराणी नगरपालिकेत बसून धर्मसुधारणा मंजूर करत होती. आपल्याच आजोबांच्या नावाची खिडकी कोण फोडेल? म्हणून कुठलीही जुनी खिडकी बघताना आधी खाली बघावं असं मी सांगतो, वर देवाचं असतं, खाली पैशाचं.

थोडं काचेबद्दल, कारण रंगांचा अर्थ आणि रंग बनतो कसा ह्याचा संबंध आहे. काच वितळलेली असतानाच त्यात धातूंची भुकटी घालतात, कोबाल्टने निळा येतो, तांब्याने लाल. लाल इतका गडद येतो की अख्खी काच लाल केली तर ती काळीच दिसेल, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात, पावावर बटर लावल्यासारखा. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या ह्या काळपट रंगाने आतल्या बाजूला काढायच्या आणि भट्टीत भाजायच्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात चांदीची युक्ती सापडली. चांदीचं मिश्रण काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजलं की काचच पिवळी होते, फिकट लिंबापासून गडद सोनेरीपर्यंत. आधी पिवळ्या तेजोवलयासाठी वेगळा तुकडा आणि त्याभोवती शिशाची काळी रेघ लागायची, आता चेहरा, केस, मुकुट, वलय सगळं एकाच पांढऱ्या तुकड्यावर. जवळून बघायला मिळालं तर देवदूताच्या केसांची कड बघा, पिवळा रंग कुठेतरी रेषेबाहेर सांडलेला असतो, कारण रेघ काचेच्या एका बाजूला आणि पिवळा दुसऱ्या बाजूला.

रंगांचे अर्थ ढोबळ आहेत, फार घट्ट धरून बसू नका. निळा स्वर्गाचा, लाल रक्ताचा, हुतात्म्यांचा आणि पवित्र आत्म्याच्या अग्नीचा, हिरवा नव्या जीवनाचा, पांढरा पावित्र्याचा आणि पुनरुत्थानाचा, सोनेरी देवाच्या वैभवाचा, जांभळा पश्चात्तापाचा. पण कधीकधी कारागिराकडे निळी काच शिल्लक होती म्हणून पेत्राचा झगा निळा, इतकं साधं असतं ते.

रंगांचा खरा शिस्तीत वापर बघायचा तर नॉर्वेत ट्रॉनहाइमचं निदारोस कॅथेड्रल. हे मुळात १०३० मध्ये लढाईत पडलेल्या ओलाव राजाच्या कबरीवर बांधलेलं, १५३७ मध्ये नॉर्वे लूथरन झाल्यावर लूथरन. मधल्या काळात आगी लागून लागून पार पडीक झालं होतं, एकोणिसाव्या-विसाव्या शतकात परत उभं केलं, आणि काचांचं मोठं काम गॅब्रिएल शिलान ह्या चित्रकाराने केलं. त्याची योजना अशी की उत्तरेकडच्या खिडक्यांत जुन्या करारातल्या गोष्टी निळ्या पार्श्वभूमीवर, आणि दक्षिणेकडे नव्या करारातल्या गोष्टी लाल पार्श्वभूमीवर. का? तर इतक्या उत्तरेला उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, थंड निळा प्रकाश, म्हणजे अजून तारणारा आलेला नाही, वाट बघणं चालू आहे. दक्षिणेला ऊन, तिथे ख्रिस्त आलेला आहे. मधून चालत वेदीकडे गेलं की डावीकडे वचन आणि उजवीकडे ते वचन पूर्ण झालेलं. आणि पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या बाजूला, मोठी गोल गुलाब-खिडकी, विषय शेवटचा न्याय. ती नॉर्वेच्या स्त्रियांनी १९३० मध्ये ओलावच्या मृत्यूला ९०० वर्षं झाली म्हणून भेट दिली. दिशांचं हे गणित जुन्या चर्चमध्ये बऱ्याच ठिकाणी असतं: वेदी पूर्वेला, कारण उगवता सूर्य म्हणजे पुनरुत्थान आणि ख्रिस्त परत येईल तो पूर्वेकडून, तर पश्चिम म्हणजे दिवसाचा आणि जगाचा शेवट. नवीन चर्चमध्ये प्लॉट जसा मिळाला तशी दिशा, तिथे हे शोधत बसू नये.

आता चिन्हं. पंख असलेले चार प्राणी दिसले की ते चार शुभवर्तमानांचे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचे लेखक. पंखवाला माणूस म्हणजे मत्तय, कारण त्याचं पुस्तक येशूच्या वंशावळीने सुरू होतं, माणूस म्हणून त्याचं कूळ. सिंह मार्क, रानात ओरडणाऱ्याच्या आवाजाने सुरुवात. बैल लूक, कारण पहिलाच प्रसंग मंदिरातल्या याजकाचा आणि बैल हा बळीचा प्राणी. गरुड योहान, कारण तो सुरुवातीलाच एकदम आकाशात भरारी घेतो, प्रारंभी शब्द होता वगैरे. हे प्राणी मुळात बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टांतातून आणि प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकातून आलेत. हातात झेंडा घेतलेलं कोकरू म्हणजे मेलेला पण जिंकलेला ख्रिस्त, त्याच्याखाली सात शिक्के मारलेलं पुस्तक असेल तर प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय. स्वतःच्या छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजणारा पक्षी म्हणजे पेलिकन, पेलिकन असं काही करत नाही पण जुन्या लोकांना तसं वाटायचं आणि त्यागाला त्याहून चांगलं चित्र त्यांना मिळालं नाही. शिंपला आणि तीन थेंब म्हणजे बाप्तिस्मा. तेजोवलयात क्रूस दिसला तर तो बहुतेक ख्रिस्तच, संतांच्या वलयात क्रूस घालत नाहीत, गर्दीच्या चित्रात येशू शोधायचा हा सोपा मार्ग.

हे सगळं कॅथलिक चर्चमध्येही सापडेल, मग लूथरन खास काय? तर कशावर भर दिलाय ते. द्राक्षं आणि गहू, किंवा भाकर आणि प्याला, ही जोडी लूथरन खिडकीत फार ठळक असते, कारण त्या काळी साध्या लोकांना प्रभुभोजनात फक्त भाकर मिळायची, द्राक्षारस याजकापुरता, आणि लूथरन लोकांनी प्याला सगळ्यांना दिला. त्यामुळे प्याला हे नुसतं विधीचं भांडं नाही, जिंकलेला हक्क आहे. दुसरं, उघडं पुस्तक आणि लिहिलेली वचनं. लूथरन खिडकीत अक्षरं भरपूर असतात, चित्राखाली अध्याय आणि ओवी दिलेली, म्हणजे चित्र बघून घरी जाऊन पुस्तक उघडा. कधी व्ही डी एम ए अशी चार रोमन अक्षरं दिसतात, ते लॅटिन वचनाचं संक्षिप्त रूप, प्रभूचं वचन सर्वकाळ टिकतं, सॅक्सनीच्या दरबारातले लोक ते कपड्यांवर शिवून घ्यायचे.

तिसरं म्हणजे साप. खांबावर चढवलेला पितळी साप बघून अनेकजण दचकतात, चर्चमध्ये साप कसा, सैतान ना तो? तर नाही, हा मोशेचा साप. इस्राएली लोक वाळवंटात सर्पदंशाने मरत होते तेव्हा देवाने मोशेला सांगितलं की पितळेचा साप करून खांबावर लाव, जो त्याच्याकडे बघेल तो जगेल. आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू म्हणतो की मोशेने साप उंच केला तसं मलाही उंच केलं जाईल. लूथरच्या मित्राने, चित्रकार लुकास क्रानाखने, १५२९ च्या सुमारास एक चित्र केलं, एका बाजूला नियमशास्त्र, म्हणजे आदाम, मरण, नरकाकडे पळणारा माणूस, दुसऱ्या बाजूला शुभवर्तमान, म्हणजे वधस्तंभ आणि पुनरुत्थान, मध्ये एक झाड, नियमाच्या बाजूला वाळलेलं आणि दुसऱ्या बाजूला पालवी फुटलेलं. हा साप त्यातही आहे. लूथरन शिकवणीचा गाभाच तो, की माणसाने काही करून दाखवायचं नाही, फक्त विश्वासाने बघायचं. त्यामुळे वधस्तंभाच्या खिडकीशेजारी साप दिसला तर समजा की डिझाईन करणाऱ्याला धर्मशास्त्र पक्कं माहीत होतं.

आणि मग लूथरचा गुलाब, हा तर हमखास असतो, कुठेतरी वरच्या छोट्या गोल काचेत. ह्याची मजा अशी की त्याचा अर्थ खुद्द लूथरने लिहून ठेवलाय, ८ जुलै १५३० च्या पत्रात, नुरेनबर्गच्या श्पेंगलर नावाच्या नगर-सचिवाला. तेव्हा तो कोबुर्गच्या किल्ल्यात होता, कारण वर सांगितलेला जाहीरनामा जिथे वाचला गेला ती सभा ऑग्सबर्गला चालू होती आणि गुन्हेगार ठरवलेला असल्यामुळे त्याला तिथे जाताच येत नव्हतं. आतून बाहेर वाचायचं. मधोमध काळा क्रूस, काळा कारण तो दुखावतो, मारतो. तो लाल हृदयात, पण हृदय आपला नैसर्गिक रंग गमावत नाही, म्हणजे क्रूस माणसाला संपवत नाही, जिवंत ठेवतो. हृदय पांढऱ्या गुलाबात, कारण विश्वासाने आनंद, दिलासा आणि शांती मिळते, आणि गुलाब मुद्दाम पांढरा, लाल नाही, कारण पांढरा रंग देवदूतांचा आणि आत्म्यांचा, हा आनंद जगातल्या आनंदासारखा नाही. गुलाब आकाशी निळ्यावर, कारण तो पुढच्या स्वर्गीय आनंदाची नुसती सुरुवात आहे. आणि भोवती सोन्याचं कडं, कारण त्याला शेवट नाही आणि सगळ्या धातूंत सोनं मोलाचं. पाच रंगांत अख्खी शिकवण बसवलीय पठ्ठ्याने. पाकळ्यांमधली हिरवी पानं बऱ्याच ठिकाणी दिसतात पण पत्रात पानांबद्दल काही नाही, ती शोभेची. क्रूस पांढरा किंवा सोनेरी केलेला दिसला तर मात्र चूक, तिथे मूळ अर्थच गेला.

लूथरच्या पायाशी कधी हंस असतो. बोहेमियाचा यान हूस, ज्याच्या नावाचा अर्थ चेक भाषेत बदक-हंस जातीतला गूज पक्षी असा होतो, त्याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला जाळलं. दंतकथा अशी की मरताना तो म्हणाला, आज तुम्ही गूज भाजताय, शंभर वर्षांनी हंस येईल, त्याला भाजता येणार नाही. लूथरला स्वतःला ही गोष्ट फार आवडायची, तो हंस मीच असं त्याने लिहूनही टाकलं. उत्तर जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये कितीतरी लूथरन चर्चच्या कळसावर कोंबड्याच्या जागी हंस बसलेला दिसतो तो ह्याच्यामुळे.

मधली दोनेकशे वर्षं खिडक्यांच्या बाबतीत तशी कोरडीच. सतराव्या-अठराव्या शतकात लूथरन लोकांना उजेड हवा होता, हातातलं गाण्यांचं पुस्तक वाचता आलं पाहिजे, म्हणून साध्या पारदर्शक काचा, ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे तसंच आहे. रंग परत आला एकोणिसाव्या शतकात, १८६१ मध्ये आयझेनाखला ठरलेल्या नियमांत प्रोटेस्टंट चर्चसाठी जुनी गॉथिक, म्हणजे मध्ययुगातली टोकदार कमानींची शैली चांगली असं म्हटलं गेलं आणि कारखाने जोरात सुरू झाले. लूथर खिडकीत चढला तो मुख्यतः ह्या काळात. अमेरिकेतल्या जुन्या लूथरन चर्चमध्ये कोकरू घेतलेला मेंढपाळ आणि गेथशेमाने बागेत खडकावर जोडलेले हात टेकून गुडघ्यांवर बसलेला येशू पुन्हा पुन्हा दिसतात तेही ह्याच काळातल्या लोकप्रिय जर्मन चित्रांवरून, आणि खरं सांगायचं तर चार-पाच बघितल्यावर कंटाळा येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं काम मला जास्त आवडतं. ट्रॉम्सोचं आर्क्टिक कॅथेड्रल, नाव कॅथेड्रल पण आहे साधं पॅरिश, म्हणजे स्थानिक वस्तीचं चर्च, १९६५ चं, आणि त्याची पूर्वेची अख्खी भिंत म्हणजे १९७२ मध्ये व्हिक्टर स्पारेने केलेली जवळपास १४० चौरस मीटरची काच. विषय ख्रिस्ताचं परत येणं. वर देवाचा हात, त्यातून प्रकाशाचे तीन झोत निघतात, एक ख्रिस्तातून, एक स्त्रीतून, एक पुरुषातून. ज्या गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाही तिथे हा विषय निवडणं ह्याला हिंमत लागते. बर्लिनचं कैसर विल्हेल्म स्मृती चर्च काटेकोरपणे लूथरन नाही, प्रशियात लूथरन आणि रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंगलीच्या वळणाचे, एकत्र केले त्या परंपरेतलं आहे, पण तिथे १९६१ च्या नव्या इमारतीत वीस हजारांहून जास्त, मुख्यतः निळ्या काचा आहेत आणि त्यात एकही आकृती नाही. काचा बनवल्या फ्रान्समधल्या शार्त्रच्या गाब्रिएल लुआरने. जर्मन बॉम्बहल्ले सोसलेल्या देशातल्या माणसाने, बॉम्बने पडलेल्या जर्मन चर्चसाठी. चिन्ह काचेत नाही, काच कोणी केली त्यात आहे.

आणि हानोफरच्या मार्क्टकिर्शेची लूथर खिडकी. माजी चॅन्सेलर श्रोडर ह्यांनी ती चर्चला भेट द्यायचं ठरवलं, चित्रकार मार्कुस ल्युपर्त्स, उंची १३ मीटर, मोठी पांढरी लूथरची आकृती आणि तिच्याभोवती पाच मोठ्या काळ्या माश्या. माश्या! युरोपच्या जुन्या चित्रांत माशी म्हणजे कुजणं, मरण, सैतान. लूथर आयुष्यभर सैतानाशी प्रत्यक्ष भांडत असल्यासारखा लिहायचा, त्यामुळे हे चिन्ह अगदी योग्य जागी बसलंय असं माझं मत, पण काही लोकांना चर्चच्या खिडकीत माश्या म्हणजे किळस वाटली. त्यात युद्धानंतर हे विटांचं चर्च ज्या आर्किटेक्टने परत उभं केलं त्याच्या वारसाने केस टाकली, की ह्या खिडकीने साध्या इमारतीचं रूप बिघडेल आणि डिझाईनचे हक्क आमच्याकडे आहेत. कोर्टात चर्च जिंकलं. तोवर २०२२ उजाडलं, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि श्रोडर ह्यांच्या रशियाशी असलेल्या संबंधांमुळे ही भेट घ्यायची की नाही ह्यावर पुन्हा चर्चा. शेवटी २०२३ मध्ये खिडकी बसली. कार्लश्टाटचं भांडण होतं चित्र असावं का, इथे भांडण झालं ते कॉपीराईटचं, माश्यांचं आणि देणगीदाराचं. हानोफरला गेलात तर माश्या शोधायला दुर्बिण लागणार नाही, चांगल्या मोठ्या आहेत.